गृहस्थाश्रमी ऋषी : डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघावयाची आणि तीत आपल्या मालवणच्या मातीतील या थोर पुरुषाची आठवण नसावी, हे मला बरे वाटेना. म्हणून डॉ. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे मी पत्करले. ते संस्कृतचे जगप्रसिद्ध पंडित, आणि मी सातवी झालेली गृहिणी. त्यांच्या विद्वत्तेचे माप घेणे हे माझे काम नव्हे. परंतु ते ८८ वर्षे जगले, आणि मुलाबाळांचा संसार सांभाळून जगले. संसार म्हणजे काय हे आपणा बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. तेव्हा त्या बाजूने एवढ्या मोठ्या माणसाकडे पाहण्याचा अधिकार आपल्यालाही आहे, असे मला वाटते.

रामकृष्णपंतांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवणास झाला. घराणे गौड सारस्वत ब्राह्मणांचे. मूळ आडनाव पत्की, पण पूर्वजांपैकी कोणी सरकारी खजिन्याचे, म्हणजे भांडाराचे काम पाहत असत, म्हणून भांडारकर हे नाव पडले. वडील गोपाळराव मामलेदार कचेरीत कारकून होते. कारकुनाची मिळकत ती केवढी, आणि त्यात मुलांचे शिक्षण! त्या काळी मालवणात इंग्रजी शाळा नव्हती. मुलगा हुशार असला तरी फार तर वडिलांच्या जागी कारकून व्हावयाचा, एवढीच धाव. परंतु १८४७ साली वडिलांची बदली रत्नागिरीस झाली आणि तेथे सरकारी इंग्रजी शाळा होती. एका बदलीने मुलाचे नशीब उघडले. आजही आपल्यातील कितीतरी घरे केवळ मुलांच्या शाळेसाठी बिऱ्हाड हलवितात, त्यांना याचे मोल कळेल.

रत्नागिरीची शाळा संपवून १८५३ साली ते मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात गेले. मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी सुरू झाली ते हेच वर्ष. आपल्या कोकणात मात्र रेल्वे यायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षे लागली. मालवण-रत्नागिरीकडचा सोळा वर्षांचा मुलगा घरदार सोडून मुंबईस राहतो, यातच त्या वेळी केवढे धाडस होते! तेथे त्यांना दादाभाई नौरोजींसारखे शिक्षक लाभले. दादाभाई गणित शिकवीत. रामकृष्णपंतांनाही आरंभी गणिताचीच आवड होती.

त्याच दिवसांत मुंबईत परमहंस सभा नावाची एक मंडळी होती. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी ती १८४९ साली काढली होती. जातिभेद मानू नये, ईश्वर एक आहे, असे या मंडळींचे मत. पण सभा भरे ती गुप्तपणे. आत गेल्यावर परजातीच्या माणसाने केलेला पाव खावयाचा आणि बाहेर आल्यावर काही घडलेच नाही असे दाखवावयाचे. विद्यार्थिदशेत रामकृष्णपंतही या सभेत जात. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी बाहेर फुटली आणि लोकलज्जेच्या भयाने सभा मोडली. जे दाराआड करता येते ते चारचौघांत करता येत नसेल, तर ते टिकत नाही, हे त्या तरुण मंडळींना तेथे दिसले. रामकृष्णपंतांचे पुढचे आयुष्य पाहिले की हा धडा त्यांनी मनाशी पक्का धरला असावा असे वाटते. कारण यापुढे त्यांनी जे मानले ते उघड केले, आणि पुष्कळ वेळा आधी आपल्या घरी केले.

त्यांना संस्कृतकडे वळविले ते त्या वेळच्या विद्याखात्याचे मुख्य अधिकारी हॉवर्डसाहेब यांनी. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटली जाई, तिच्या रकमेतून इंग्रज सरकारने पुढे हुशार विद्यार्थ्यांसाठी वेतने ठेवली. तसे दक्षिणा वेतन रामकृष्णपंतांना मिळाले. मग पुण्यात जुन्या शास्त्र्यांपुढे बसून त्यांनी व्याकरण, न्याय, वेदान्त यांचा अभ्यास केला. विशीतला, इंग्रजी शिकलेला हा तरुण शास्त्र्यांपुढे मांडी घालून पहिल्यापासून धडे घेऊ लागला. शिकण्यात लाज धरावयाची नाही, हा त्यांचा स्वभावच होता.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते आणि आपले भांडारकरही होते. ही दोघांची मैत्री जन्माची ठरली. १८६४ साली भांडारकर सिंध प्रांतातील हैदराबाद येथे हेडमास्तर म्हणून गेले आणि दुसऱ्याच वर्षी रत्नागिरीच्या शाळेचे हेडमास्तर होऊन आले. ज्या गावी कारकुनाचा मुलगा म्हणून पाटी घेऊन शाळेत गेले, त्याच गावच्या शाळेचे मुख्य म्हणून ते १८ वर्षांनी परतले. त्या मास्तरकीच्या काळातच त्यांनी संस्कृतची दोन पाठ्यपुस्तके रचली, मार्गोपदेशिका आणि मंदिरांतःप्रवेशिका. पूर्वी पाठांतरानेच संस्कृत शिकावे लागे. या पुस्तकांत एकेक नियम, मग त्यावरची वाक्ये, मग शब्दांचे अर्थ, अशी पायऱ्यांची रचना आहे. त्या पायऱ्या चढून हिंदुस्थानभर मुलांच्या कित्येक पिढ्या संस्कृतच्या घरात शिरल्या. ही पुस्तके आजही छापली जातात. गुरूजवळ बसावयास मिळत नाही अशा माणसासाठी पुस्तक लिहावे, हे त्यांना सुचले ते मला फार मोलाचे वाटते. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या बाईला अशा पुस्तकाची किंमत विचारा!

नोकरीत मानभंगही वाट्यास आला. १८६८ च्या सुमारास ते मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक झाले. त्यांनी काही वर्षे ते काम उत्तम रीतीने केले, पण कायमची जागा भरण्याची वेळ आली तेव्हा विलायतेहून पीटरसनसाहेब आले आणि भांडारकरांना दुय्यम जागेवर काम करावे लागले. कातडी काळी एवढाच काय तो उणेपणा. दुसरा कोणी असता तर चिडून गेला असता किंवा मन मारून बसला असता. यांनी दुय्यम जागेवर राहून असे काम केले की युरोपातील पंडित त्यांचे लेख मागवून वाचू लागले. पुढे १८८२ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांना संस्कृतच्या प्राध्यापकाची जागा मिळाली आणि १८९३ साली सेवानिवृत्त होईपर्यंत ते तेथेच होते. १८८५ साली जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली. ज्याला आपल्या देशात दुय्यम ठरविले, त्याचा परदेशाने असा गौरव केला!

आता हे काम म्हणजे नेमके काय, ते आपल्याला समजेल अशा रीतीने सांगते. आपल्याकडे डोंगरांत कोरलेली लेणी आहेत. लोक म्हणत, पांडवांनी एका रात्रीत कोरली. भिंतींवर जी अक्षरे आहेत ती कोणाला वाचता येत नसत. शेतात, विहिरीत ताम्रपट सापडत, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली दानपत्रे. भांडारकर अशी अक्षरे वाचावयास शिकले आणि त्यांतून राजांची नावे, वंश, काळ असे एकेक दाणा निवडावा तसे निवडून काढले. १८७४ साली लंडनला प्राच्य विद्वानांची परिषद भरली, तेव्हा त्यांनी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवर आपला निबंध पाठविला. या लेखांत एक लेख फार मोठा आहे. तो कोरविला आहे गौतमी बलश्री या राजमातेने. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी हा थोर सातवाहन राजा. नातू पुळुमावी राज्य करीत असता, त्याच्या १९ व्या वर्षी, या आजीने भिक्षूंना लेणे दान दिले आणि आपल्या मुलाचा पराक्रम दगडावर कोरून ठेवला. सुमारे १९०० वर्षांपूर्वीची ही गोष्ट. राजा आईच्या नावाने ओळखला जाई, आणि आईला स्वतःच्या नावाने दान देता येई. हे वाचून कोणत्या बाईला आनंद होणार नाही?

या सगळ्या धाग्यांतून त्यांनी १८८४ साली दक्षिणेचा प्राचीन इतिहास लिहिला. सातवाहन, चालुक्य, राष्ट्रकूट, यादव ही नावे आज चौथीतल्या मुलालाही माहीत असतात. पण त्याआधी ती जुळवून, कोण आधी आणि कोण नंतर हे दाखविणारे असे पुस्तक नव्हते. शिवाय सरकारने हस्तलिखित पोथ्या शोधण्याचे जे काम चालविले होते, त्यातही ते होते. गुजरात, राजपुताना इकडे हिंडून त्यांनी जैनांची भांडारे पाहिली. वाळवी लागलेल्या, धूळ खात पडलेल्या पोथ्या मिळविल्या आणि त्यांच्या याद्या नीट तयार करून छापल्या. पूर्वजांनी खजिन्याचे भांडार राखले, यांनी पोथ्यांचे राखले. आडनाव असे सार्थ झाले.

१८८६ साली ते व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेसाठी युरोपात गेले. समुद्र ओलांडला की जात बाटते असे मानण्याचे ते दिवस. ते गेले, आपला निबंध वाचला, परत आले, आणि काय पाहिले ते लोकांना व्याख्यान देऊन सांगितले. लपविण्याचे काही कारणच नव्हते.

येथपर्यंत मी त्यांच्या श्रमांविषयी लिहिले. परंतु या श्रमांना बळ होते ते त्यांच्या भक्तीचे. १८६७ साली मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी प्रार्थना समाज स्थापन केला. परमहंस सभेच्या दादोबांचे हे धाकटे बंधू. यावेळी दार उघडे होते. रानडे व भांडारकर दोघेही समाजात आले. ही मंडळी मूर्तिपूजा करीत नसत. ईश्वर एक, निराकार, दयाळू, आणि त्याची मनोभावे प्रार्थना करणे हीच पूजा, असे मानीत. आपण देव्हाऱ्यापुढे निरांजन लावणाऱ्या बायका. आपली रीत निराळी. परंतु भांडारकरांची भक्ती कोरड्या पंडिताची नव्हती. तुकोबांचे अभंग हा त्यांचा जीव की प्राण. समाजाच्या उपासनेत ते प्रवचन करीत तेव्हा उपनिषदे आणि गीता यांच्याबरोबर अभंगांचाही आधार घेत. वेदांचा एवढा अधिकारी पुरुष, पण देवाजवळ जाण्याची वाट त्याला देहूच्या वाण्याने दाखविली. पुढे १९१३ साली, वयाच्या ७६ व्या वर्षी, वैष्णव, शैव इत्यादी पंथांवर त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात पंढरीचा विठोबा आहे, नामदेव आहेत, तुकाराम आहेत. आपल्या वारकऱ्यांचा देव त्यांनी असा जगातील पंडितांपुढे नेला.

देवाची प्रार्थना सगळेच करतात. प्रार्थनेप्रमाणे वागावयाची वेळ आली म्हणजे खरी परीक्षा होते. भांडारकरांची ती परीक्षा मुलींच्या बाबतीत झाली.

पुण्यात मुलींसाठी इंग्रजी शाळा असावी म्हणून रानडे, वामन आबाजी मोडक आणि भांडारकर यांनी खटपट केली आणि १८८४ साली मुलींचे हायस्कूल सुरू झाले. पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा जेथे होती ती जागा शाळेला मिळाली, म्हणून तिला हुजूरपागा म्हणतात. ही शाळा आजही चालू आहे. त्या वेळी मात्र तिच्यावर टीकेचा भडिमार झाला. मुलींना इंग्रजी, गणित कशाला? शिकलेली मुलगी चूल कशी पेटविणार? लोकमान्य टिळकांसारख्या देशभक्तालाही या शाळेचा अभ्यासक्रम पसंत नव्हता आणि केसरीने कडक लेख लिहिले. भांडारकरांनी दुसऱ्यांच्या मुलींना उपदेश केला आणि आपल्या मुलींना घरात ठेवले, असे मात्र केले नाही. त्यांच्या घरच्या लेकी-नाती शिकल्या.

मग १८९१ हे वर्ष आले. कलकत्त्यास फुलमणी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीचा पतीच्या हातून मृत्यू झाला होता. ती हकीकत देशभर गाजली आणि संमतिवयाचे बिल पुढे आले. संसाराला लावण्यासाठी मुलीचे वय १० होते ते १२ करावे, एवढेच त्यात मागणे. आज आपल्याला हे वाचूनही शहारे येतात, पण त्यावेळी एवढ्यावरून महाराष्ट्र पेटला. धर्म बुडाला असा गलबला झाला. भांडारकर शास्त्रे जाणणारे. त्यांनी धर्मशास्त्राच्या ग्रंथांतून आधार काढून दाखविला की मोठ्या वयात विवाह करण्यास आणि पुढे संसार सुरू करण्यास शास्त्राची आडकाठी नाही. टिळकांनी त्यांचा अर्थ खोडून काढला, भांडारकरांनी उत्तर दिले. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला.

शास्त्रार्थ हा ग्रंथांतला. पण घरात त्यांची एक मुलगी विधवा झाली होती.

भगिनींनो, त्या काळी विधवा मुलगी घरात असणे म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडून आपण ऐकले आहे. माझ्या आजीच्या माहेरी अशा एक बाई होत्या. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य. पुढची साठ वर्षे त्यांनी आलवण नेसून, एकवेळ जेवून, दुसऱ्यांची बाळंतपणे करीत काढली. घरात पापड-लोणची त्यांनी करावयाची, पण लग्नाच्या मांडवात त्यांनी यावयाचे नाही. त्यांच्या आईवडिलांना माया नव्हती असे नाही. माया होती, पण धैर्य नव्हते.

कायदा आड येत नव्हता. विधवेच्या विवाहाला कायद्याने १८५६ सालीच परवानगी मिळाली होती. मुंबईत विष्णुशास्त्री पंडित यांनी १८६५ साली विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली होती. पुनर्विवाह करणाऱ्यांवर पुढे बहिष्कार पडले, ग्रामण्ये झाली. मते देणारे पुष्कळ होते. परंतु मत देणे निराळे आणि आपल्या घरात मांडव घालणे निराळे. खुद्द न्यायमूर्ती रानडे यांची पहिली पत्नी १८७३ साली वारली, तेव्हा ते विधवेशी विवाह करतील असे लोकांना वाटत होते. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचे चालले नाही आणि त्यांना कुमारिकेशी लग्न करावे लागले. ती कुमारिका म्हणजे आपल्या रमाबाई रानडे, आणि त्यांचे उपकार आपण बायका कधी विसरणार नाही. पण या प्रसंगावरून लोकांनी रानड्यांना जन्मभर टोचले. एवढा मोठा पुरुष, पण घरापुढे हतबल झाला. यावरून कल्पना करा.

भांडारकर तेव्हा ५४ वर्षांचे होते. कॉलेजात मान होता, सरकारदरबारी मान होता, घरात मुले होती. जातीने टाकले तर त्या मुलांचे काय, हा प्रश्न कोणाही बापापुढे उभा राहतो. आणि संसार काही एकट्या पुरुषाचा नसतो. वाळीत पडलेल्या घरात सणावाराला कोणी येत नाही, लेकीसुनांना कोणी बोलावीत नाही. हे चटके घरातल्या बाईला आधी बसतात. एवढे सगळे असूनही १८९१ साली त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह उघडपणे केला. अपेक्षेप्रमाणे ज्ञातीने बहिष्कार घातला. स्वकीयांनी दार लावून घेतले. त्यांनी प्रायश्चित्त घेतले नाही की केले ते चुकले असेही म्हटले नाही. धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला तो १८९३ साली, म्हणजे यानंतर दोन वर्षांनी. कर्व्यांचे धैर्य मोठेच, परंतु ते स्वतःसाठी. बापाने मुलीसाठी असे करावे ही गोष्ट त्याहून विरळा.

मला नेहमी वाटते की हे बळ त्यांच्यात आले ते प्रार्थनेतून. देव सर्वांचा बाप आहे असे जो रोज म्हणतो, त्याला आपल्या मुलीचा बाप होणे भागच आहे. आणि शास्त्रांचे एवढे अध्ययन केल्याने कोणता नियम ऋषींचा आणि कोणती मागाहून आलेली रूढी, हे त्यांना नेमके कळत होते. अडाणी माणूस रूढीला भितो. ज्याने ग्रंथ उलगडून पाहिले, तो भीत नाही. भक्ती आणि विद्या या दोहोंचा उपयोग त्यांनी एका मुलीचे आयुष्य सावरण्यासाठी केला. मला त्यांच्या सगळ्या ग्रंथांपेक्षा हे काम मोठे वाटते.

बहिष्काराने ते खचले नाहीत. १८९३ ते १८९५ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १८९५ साली पुण्यास सामाजिक परिषद भरली. तिच्यावरून शहरात केवढे वादळ उठले होते! अध्यक्षपदी भांडारकर होते. १९११ साली सरकारने त्यांना सर ही पदवी दिली. १९१२ साली, वयाची पंचाहत्तरी झाल्यावर, विठ्ठल रामजी शिंदे यांच्या अस्पृश्यतानिवारणाच्या कामासाठी पुण्यास परिषद भरली, तेव्हाही अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. एवढ्या वयात माणूस जपमाळ घेऊन बसतो. यांची जपमाळ म्हणजे काम.

त्यांच्या मुलांनीही नाव राखले. श्रीधरपंत संस्कृतचे प्राध्यापक झाले. प्रभाकरपंत डॉक्टर झाले. देवदत्तपंत (१८७५ ते १९५०) पुराणवस्तूंच्या संशोधनात नामांकित झाले आणि कलकत्ता विद्यापीठात १९१७ पासून प्राचीन इतिहासाचे प्राध्यापक होते. बापाचा पैसा मुलांकडे जातोच. बापाचा अभ्यास मुलांकडे जाणे हे भाग्य थोड्या घरांना मिळते. घरात रोज वडील पहाटे उठून वाचताना दिसले तर मुलांना वेगळा उपदेश करावा लागत नाही.

दीर्घायुष्याबरोबर दुःखेही येतात. बरोबरीचे लोक एकेक करून जातात. रानडे १९०१ साली गेले. भांडारकर त्यांच्यामागे २४ वर्षे जगले. परंतु त्यांच्या म्हातारपणाला एक सुंदर फळ आले. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ८० व्या वाढदिवशी, त्यांचे शिष्य आणि चाहते यांनी पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन केले. भांडारकरांनी जन्मभर जमविलेला आपला ग्रंथसंग्रह या संस्थेला देऊन टाकला. विद्वानाला आपली पुस्तके देणे म्हणजे बाईने अंगावरचे दागिने उतरवून देण्यासारखे आहे. सरकारजवळचा मोठा पोथीसंग्रह, ज्यासाठी ते स्वतः गावोगाव हिंडले होते, तोही पुढच्या वर्षी डेक्कन कॉलेजातून येथे आला.

या संस्थेने महाभारताची शुद्ध प्रत तयार करण्याचे काम हाती घेतले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्याला उदार आश्रय दिला. देशाच्या निरनिराळ्या भागांतील महाभारताच्या पोथ्यांत श्लोक कमीजास्त आहेत. सगळ्या पोथ्या समोर ठेवून, ओळीशी ओळ ताडून, मूळ पाठ कोणता असावा ते ठरवावयाचे. १ एप्रिल १९१९ रोजी या कामाचा आरंभ भांडारकरांच्या हस्ते झाला. निरनिराळ्या पोथ्यांतील मंगलश्लोक त्यांनी ताडून पाहिला. वय ८१ वर्षे. हे काम आपल्या हयातीत पुरे होणार नाही हे त्यांना दिसत नसेल काय? तरीही त्यांनी पहिली ओळ घेतली. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यामागून इतर पंडितांनी ते चालविले. १९६६ साली, म्हणजे आरंभानंतर ४७ वर्षांनी, ते पुरे झाले. आंब्याची कोय लावणारा म्हातारा फळाची वाट पाहत नाही. आपल्या परसातही आजोबांनी लावलेला फणस आपण खातोच ना!

२४ ऑगस्ट १९२५ रोजी पुण्यास भांडारकरांनी देह ठेवला. तो दिवस ऋषिपंचमीचा होता. या योगायोगात मला मोठा अर्थ दिसतो. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आपण ऋषींची पूजा करतो आणि बैलाच्या श्रमाचे न खाता हाताने पिकविलेली भाजी खातो. दुसऱ्याच्या कष्टाचे न घेता आपल्या कष्टाचे खावे, हा त्या व्रताचा अर्थ मला नेहमी भावतो. हा गृहस्थ ८८ वर्षे आपल्या कष्टाचे खाऊन, घरात राहून ऋषीसारखा वागला. ऋषी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दाढीवाले, वनात बसलेले तपस्वी येतात. पण आपल्या पुराणांतले कितीतरी ऋषी गृहस्थच होते. त्यांना बायका होत्या, मुली होत्या.

पुण्यास भांडारकर रस्ता आहे, त्यांच्या नावाची संस्था आहे. आपण मालवणच्या बायकांनी त्यांचे स्मरण कसे करावे? मला एकच गोष्ट सुचते. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे ही प्रथा बंद करावी. त्याला १८९१ पासून मोजले तर १३१ वर्षे झाली होती. म्हणजे भांडारकरांनी आपल्या घरात जे केले, त्याचे लहानसे पाऊल टाकायला गावाला एवढा काळ लागला. आपल्या मंडळात संक्रांतीचे हळदीकुंकू होते. त्या दिवशी आपल्यातल्याच काही सभासद भगिनी, वर्षभर मंडळासाठी राबणाऱ्या, आपणहोऊन घरी राहतात. त्यांना कोणी येऊ नका असे म्हणत नाही, पण या असेही कोणी म्हणत नाही. हा विषय सभेत मांडला की मग कोणाच्या सासूबाईंना काय वाटेल, देवाचे आहे, उगाच कशाला, अशी बोलणी निघतात आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.

ठराव व्हायचा तेव्हा होवो. पण भांडारकरांनी सगळ्या पुण्याने ठराव करण्याची वाट पाहिली नाही. आपल्या घरी केले. येत्या संक्रांतीला आपणही आपापल्या घरच्या हळदीकुंकवाला शेजारच्या त्या काकूंना, वहिनींना, मावशींना आधी निरोप पाठवू या. त्या आल्या की त्यांच्या कपाळी कुंकू लावून वाण हातात देऊ या. मालवणच्या त्या थोर पुत्राला एवढी ओवाळणी पुरेशी आहे.